नद्या भरून वाहतात, तरी उपसागर उपाशी

नागपूरच्या बेसा-पिपळा भागातल्या नव्या फ्लॅट स्कीमांचे सांडपाणी, कपडे धुतलेले साबणाचे पाणी, आजूबाजूच्या शेतांतून पावसाने धुऊन नेलेला युरिया, हे सगळे उताराने पोरा आणि नाग नद्यांच्या वाटेला लागते. पुढे कन्हान, मग वैनगंगा. वाटेत गोसीखुर्दचा जलाशय बरेच काही अडवून धरतो. नागपूरच्या घाणीने तिथले पाणी बिघडल्याची भंडारा जिल्ह्याची तक्रार जुनीच आहे. तिथून जे सुटते ते प्राणहितेतून सिरोंचापाशी गोदावरीला मिळते आणि राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरात उतरते. समुद्र न पाहिलेला नागपूरकरही त्या समुद्राला नत्र आणि स्फुरद पुरवत असतो.

पुरवठादार आपण एकटे नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, कृष्णा मिळून या उपसागरात वर्षाला सुमारे १,६०० घन किलोमीटर गोडे पाणी ओततात. एवढे खतपाणी मिळाल्यावर तो हिरवागार असायला हवा. प्रत्यक्षात उलटे आहे. ज्याच्या वाट्याला सिंधू, नर्मदा, तापी अशा मोजक्याच मोठ्या नद्या येतात, तो अरबी समुद्र कितीतरी जास्त सुपीक आहे.

समुद्राची सुपीकता म्हणजे त्यातले वनस्पतीप्लवक. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या एकपेशीय जीवांकडे पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा आहे. मासळीचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. त्यांना ऊन लागते आणि खत लागते. खताचे प्रमाणही ठरलेले असते: सरासरीने कार्बनच्या १०६ अणूंमागे नत्राचे १६ आणि स्फुरदाचा १. आल्फ्रेड रेडफील्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रमाण जगभरच्या समुद्रांत थोड्याफार फरकाने सापडते. यातले जे आधी संपेल, तिथे वाढ थांबते.

खरी अडचण अशी की ऊन वर असते आणि खत खाली. मेलेले प्लवक, माशांची विष्ठा खोल जाऊन कुजते, त्यामुळे नत्र-स्फुरदाचा साठा अंधारात पडून राहतो. तो उजेडात आणायला पाणी ढवळावे लागते. अरबी समुद्रात हे काम मोसमी वारा करतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर सुटलेले नैर्ऋत्य वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तरेकडचे कोरडे वारे पृष्ठभाग गार करतात. गार पाणी जड होऊन बुडते आणि पुन्हा घुसळण होते.

बंगालच्या उपसागरात नेमकी हीच घुसळण होत नाही, आणि तिला अडवतात त्याच नद्या. २००१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'सागर कन्या' जहाजावरून भर पावसाळ्यात या उपसागराची मोजमापे घेतली गेली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. प्रसन्न कुमार आणि सहकारी यांनी २००२ मध्ये त्यातून कोडे उलगडले. नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी हलके असते. रश्श्यावर तर्री तरंगावी तसे ते खाऱ्या पाण्यावर पसरून राहते. वाऱ्याला वरचे २० मीटरसुद्धा धड ढवळता येत नाहीत. खालचे खत खालीच राहते.

मग नद्यांनी आणलेल्या खताचे काय होते? त्यातले बरेचसे खाडीत आणि किनाऱ्यालगतच खर्ची पडते. शिवाय पुराचे पाणी इतके गढूळ असते की त्यातून ऊनच आत शिरत नाही. गोदावरीच्या मुखाशी प्लवकांचा बहर येतो तो पूर ओसरून पाणी निवळू लागले की. खत भरपूर, पण उजेड नाही; उजेड आला तोवर निम्मे खत वाहून गेलेले. ज्या शेतकऱ्याच्या युरियावर अवेळी पाऊस पडला आहे, त्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही.

कधीतरी चक्रीवादळ हा थर फोडते. ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळानंतर उपग्रहांना त्याच्या मार्गावर हरितद्रव्य वाढलेले दिसले. किनाऱ्यावर हजारो माणसे गेली, आणि त्याच वाऱ्याने समुद्राला काही दिवस खाऊ घातले.

समुद्राला आपणच खत घातले तर? हेही करून झाले आहे. २००९ मध्ये गोव्याची हीच संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोहाचे क्षार सोडले. 'लोहाफेक्स' या प्रयोगाचे नेतृत्व वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांच्याकडे होते. प्लवक वाढले, पण बेताचेच. त्या पाण्यात सिलिका संपलेली होती, म्हणून काचेसारखे कवच बांधणारे डायटम वाढू शकले नाहीत. जे बारीक प्लवक वाढले ते झिंग्याच्या जातकुळीतल्या चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केले. मेलेल्या प्लवकांबरोबर कार्बन समुद्राच्या तळाशी पुरला जाईल ही आशा जवळपास फोल ठरली. हवामानबदलावर समुद्रात लोखंड टाकण्याचा सोपा उपाय विकणाऱ्यांनी हा प्रयोग मुळातून वाचावा.

सिलिका समुद्राला मिळते ती मुख्यतः खडकांची झीज वाहून आणणाऱ्या नद्यांकडून. धरणे गाळासोबत तीही अडवतात. सांडपाण्यातले नत्र वाढत जाते, सिलिका घटत जाते. अशा बदलात डायटम मागे पडून दुसऱ्याच जाती पुढे सरसावतात.

उपसागराच्या पोटात, साधारण शंभर मीटरांखाली, ऑक्सिजन जवळजवळ संपलेला एक जाड थर आहे. अरबी समुद्रातल्या अशा थरात जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात आणि समुद्राचे नत्र कायमचे उडून जाते. उपसागरात हे करू शकणारे जिवाणू आहेत, पण काम जवळपास बंद आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्याचे कारण सापडले: नॅनोमोलमध्ये मोजावा लागेल इतका, नावापुरता उरलेला ऑक्सिजन. वरून खाली पडणारे अन्न वाढले, तर ते कुजवताना तो आधी संपेल.