गटार कुठे जाते, हे आधी विचारा

कारखान्यामागे गटार आहे, त्यात पाणी सोडले की काम संपले, असा आपल्याकडील अनेक कारागिरांचा समज आहे. महापालिकेचा कर भरतो, मग गटार वापरायला कोणाची हरकत, असेही म्हटले जाते. कायदा मात्र तसे मानत नाही. गटारात काय सोडावे, किती सोडावे, याची मर्यादा ठरलेली आहे. ती ओलांडली तर धंदाच बंद पडू शकतो. म्हणून हा विषय रंगाई, चामडे, प्लेटिंग, मटण, खाणावळ आणि गॅरेज चालवणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

जलप्रदूषण रोखण्याचा केंद्रीय कायदा १९७४ सालचा आहे. महाराष्ट्रात तो १९८१ पासून लागू झाला. त्याची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. विषारी किंवा घातक पदार्थ नदीत, विहिरीत, गटारात अथवा जमिनीवर जाणूनबुजून सोडण्यास कलम २४ मनाई करते. धंद्याचे सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची संमती घ्यावी, असे कलम २५ सांगते. सांडपाणी वाहून नेणारी कोणतीही नळी किंवा नाली, उघडी असो वा झाकलेली, या कायद्याच्या दृष्टीने गटारच आहे. १९८८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३३-अ नुसार कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश देता येतो.

एक गटार, दोन मापे

मर्यादांचे आकडे पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टात आहेत. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायचे पाणी आणि नदी-नाल्यात सोडायचे पाणी, यांची मापे वेगळी आहेत. सर्व आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत:

तेल व चरबी : मलवाहिनीत २०, नदी-नाल्यात १०.
तरंगते घन पदार्थ : ६०० आणि १००.
बीओडी, म्हणजे पाण्यातील घाण कुजताना लागणारा प्राणवायू : ३५० आणि ३०.
शिसे : १ आणि ०.१.
षट्संयुजी क्रोमियम : २ आणि ०.१.
सायनाइड : २ आणि ०.२.

पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, दोन्हीकडे ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा.

मलवाहिनीला सवलत मिळते, कारण तिचे पाणी पुढे शुद्ध होणार असे गृहीत धरलेले आहे. याच नियमांत एक टीप आहे आणि अनेकांचे नुकसान ती न वाचल्यामुळे होते. मलवाहिनी जैविक प्रक्रिया करणाऱ्या शुद्धीकरण केंद्राला जोडलेली असेल तरच ही सवलत लागू होते. तसे नसेल तर तिच्यात सोडलेले पाणी नदी-नाल्यात सोडले असे धरले जाते आणि कडक माप लागते. आपल्या अनेक जुन्या वस्त्यांत दारासमोरचे गटार थेट नाल्याला मिळते. तिथला कारागीर ३५० चे माप धरून निर्धास्त असतो आणि तपासणी ३० च्या मापाने होते. म्हणून आपले गटार पुढे कुठे जाते, हा पहिला प्रश्न आहे.

बंधन कशासाठी?

पहिले कारण नळाचे. गरम तेल व चरबी वाहून जाते खरी, पण थंड झाली की नळाला आतून चिकटते आणि वाट बंद होते. दुसरे कारण शुद्धीकरण केंद्राचे. तिथली घाण सूक्ष्म जिवाणू खातात. क्रोमियम, निकेल किंवा सायनाइड जास्त आले की हे जिवाणूच मरतात. तिसरे कारण माणसाच्या जिवाचे. चामड्याच्या चुन्याच्या हौदात आणि गंधकी रंगांत सल्फाइड असते. एकाने ते सोडले आणि दुसऱ्याने ॲसिड सोडले, तर गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला वासही कळेनासा होतो. सायनाइडवर ॲसिड पडले तर याहून जहाल वायू निघतो. गटारात उतरलेला सफाई कामगार त्यात बळी पडतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला मलवाहिनीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले.

कानपूरचा धडा

कानपूरच्या जाजमऊ भागातील टॅनऱ्यांचे पाणी गंगेत जात असे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक प्रक्रियेची सोय न करणाऱ्या टॅनऱ्या बंद करण्याचा आदेश दिला. पैसा नाही ही सबब चालली नाही. किमान वेतन देऊ न शकणारा कारखाना जसा चालू ठेवता येत नाही, तशीच ही गोष्ट आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९९४ च्या सुमारास तिथे रोज ३ कोटी ६० लाख लिटरचे सामायिक केंद्र उभे राहिले. त्यात ९० लाख लिटर टॅनऱ्यांचे आणि बाकी घरगुती पाणी धरले होते. पण केंद्रातील जिवाणू क्रोमियम खाऊ शकत नाहीत. ते गाळात आणि शेतीला जाणाऱ्या पाण्यात उतरले. क्रोमियम टॅनरीतच वेगळे काढले पाहिजे, हा त्यातला धडा. मॅग्नेशियम ऑक्साइड घालून ते खाली बसवता येते आणि गंधकाम्लात विरघळवून पुन्हा कमावणीसाठी वापरता येते. गटारात जाणारा माल अशा रीतीने पुन्हा कामी येतो.

कोणी काय करावे?

खाणावळ, बेकरी व मिठाईवाले : भांडी धुण्याच्या पाण्यासाठी चरबी अडवणारी टाकी बसवावी आणि ती नियमित उपसावी. तळणीचे तेल मोरीत ओतू नये.

मटण-चिकन विक्रेते : रक्त, आतडी व चरबी गटारात सोडू नये. रक्ताने पाण्याची बीओडी भयंकर वाढते. ईदच्या दिवसांत तर विशेष काळजी घ्यावी.

गॅरेजवाले : एक लिटर जळके तेल सुमारे ९०० ग्रॅम भरते. ते २० च्या मर्यादेत बसवायला ४५,००० लिटर पाणी लागेल. हे तेल पिंपात साठवून परवानाधारक प्रक्रियादाराला द्यावे.

प्लेटिंगवाले : सायनाइडचे आणि ॲसिडचे पाणी कधीही एकत्र करू नये. दोन्हींच्या नळ्या व टाक्या वेगळ्या ठेवाव्यात.

रंगाईवाले : गरम हौद थेट रिकामा करू नये. एका टाकीत पाणी थंड करावे, सामू तपासावा आणि धाग्याचा चुरा जाळीने अडवावा.

साधे पाणी मिसळून आकडे कमी दाखवणे हा उपाय नाही. त्याने विष तेवढेच राहते आणि पाण्याचे बिल मात्र वाढते.

प्रत्येकाने तीन कामे करावीत. गटार शुद्धीकरण केंद्राला जोडलेले आहे का, हे महापालिकेला अर्ज करून लेखी विचारावे. आपला धंदा मंडळाच्या लाल, नारिंगी, हिरव्या की पांढऱ्या वर्गात मोडतो ते पाहावे. संमतीपत्र असेल तर त्यातील अटी कोणाकडून तरी मराठीत समजून घ्याव्यात, कारण रंगाई, चामडे व प्लेटिंगसाठी वेगळी मापे आहेत आणि तपासणी त्यांनुसारच होते. एकट्याला खर्च झेपत नसेल तर गल्लीतील दहा जणांनी मिळून एक टाकी बांधता येईल का, याचा विचार करावा. नोटीस हाती पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.