सोसायटीच्या कारभाराची परिपक्वता कशी पाहावी

ज्वारीचे कणीस लांबून पिवळे दिसले म्हणून जाणता शेतकरी काढणीस लागत नाही. दाणा काढून त्याच्या बुडाशी काळा ठिपका आला आहे की नाही, हे तो पाहतो. गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा कारभारही असाच दाणा काढून तपासावयास हवा.

लेखापरीक्षक सोसायटीस अ, ब, क, ड यांपैकी वर्ग देतात. तो महत्त्वाचा खरा. परंतु ‘अ’ वर्गाच्या सोसायटीतही गटसचिव आजारी पडताच ऐन मृगात कर्जाचे कागद अडून राहू शकतात, आणि सभासदास बियाण्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागते. म्हणजे काम चालत होते ते एका माणसाच्या हुशारीवर, संस्थेच्या रीतीवर नव्हे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने १९९१ साली कामाच्या परिपक्वतेच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिलीवर काम व्यक्तीच्या भरवशावर चालते; दुसरीवर एकदा जमलेले काम पुन्हा तसेच जमते; तिसरीवर रीत लेखी होऊन सर्वांस ठाऊक असते; चौथीवर काम मोजले जाते; पाचवीवर त्या मोजमापावरून नित्य सुधारणा होते. मांडणी संगणकाच्या धंद्यातील असली तरी गावासही ती लागू पडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका कर्जमागणीचा माग काढावा. अर्ज कधी आला, कर्जमर्यादा पत्रकात नाव कधी चढले, जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे प्रस्ताव कधी गेला, रक्कम खात्यावर कधी जमा झाली, या चार तारखा लिहून काढाव्यात. तारखा सापडल्याच नाहीत, तर तेच उत्तर होय. नंतर एखाद्या लहान खातेदाराचा अर्ज घ्यावा. दोघांस लागलेल्या दिवसांत कारणावाचून मोठे अंतर दिसले, तर तेथे रीत नव्हे, ओळख चालते असे समजावे.

सोसायटी खत विकत असल्यास गोदामातील पोती, साठा पुस्तक आणि पॉस यंत्रातील शिल्लक हे तीन आकडे ताडून पाहावेत. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून देशभर याच यंत्रावर होते. फरक निघाल्यास तो तपासणीपूर्वी कोणी टिपला होता काय, हे अवश्य विचारावे.

केंद्र शासनाने २०२२ साली ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. तथापि, अपुरी रोजकीर्द यंत्रात चढविली तरी ती अपुरीच राहते.

पहिल्या पायरीवरील सोसायटीने एकदम पाचवीकडे धावू नये. खरीप कर्जवाटपाची रीत एका कागदावर लिहून कार्यालयात लावावी, गटसचिवाखेरीज आणखी एकास ती शिकवावी, आणि हे काम मे महिन्यातच उरकावे.