अस्थिभक्षक कृमी

सन 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात, सुमारे 2,900 मीटर खोलीवर, दूरनियंत्रित पाणबुडीने तळ धुंडाळला जात असता एका मृत देवमाशाच्या हाडांवर तांबडे तुरे मिरविणारे जे कृमी आढळले, त्यांना ज्ञात वर्गीकरणात ठाव नसल्याने 2004 साली राउज, गोफ्रेडी व व्रियेनहूक या संशोधकांनी ‘ओसेडॅक्स’ ही नवी प्रजाती मुक्रर करून तीत दोन जाती दाखल केल्या.

या प्राण्यास ना मुख, ना जठर, ना आतडे. झाडाप्रमाणे त्याची मुळे हाडात शिरतात, आम्ल स्रवून ते पोखरतात, आणि त्याच मुळांत वास करणाऱ्या जीवाणूंच्या साहचर्याने त्याचे पोषण होते. त्याहूनही विलक्षण अशी गोष्ट म्हणजे बहुतेक जातींत डोळ्यांना दिसणाऱ्या या साऱ्या माद्याच होत. त्या जातींतील नर सूक्ष्मदर्शकानेच दिसण्याजोगे असून, डिंभावस्थेपलीकडे फारसे न वाढता, मादीच्या नळीत डझनावारी बिऱ्हाड करून राहतात. (या गृहव्यवस्थेवर भाष्य न केलेलेच बरे!)

नवी जाती नुसत्या नामकरणाने सिद्ध होत नाही. शरीररचनेचा तपशीलवार दाखला प्रसिद्ध करावा लागतो, आधारभूत नमुना संग्रहालयाच्या दप्तरी जमा करावा लागतो, आणि अलीकडे जनुकीय पुरावाही बहुधा जोडला जातो. तो सोपस्कार पार पाडून 2005 मध्ये स्वीडनच्या किनाऱ्याजवळ, अवघ्या सव्वाशे मीटर खोलीवरील हाडांतून ‘ओसेडॅक्स म्यूकोफ्लोरिस’ ही आणखी एक जाती नोंदली गेली.