डिझाइनचा प्राध्यापक नेमताना

डिझाइन आणि डिजिटल माध्यमकला शिकवणारा प्राध्यापक निवडणे हे इतिहासाचा किंवा रसायनशास्त्राचा प्राध्यापक निवडण्यापेक्षा वेगळे काम आहे. त्या विषयांत पदवी, परीक्षा आणि शोधनिबंध पाहून उमेदवाराचा बराच अंदाज येतो. डिझाइनमध्ये तो येतो केलेल्या कामावरून: छापलेले पुस्तक, लोक रोज वापरतात ते ॲप, पडद्यावर हलणारे पात्र, बाजारात विकली जाणारी वस्तू. भरतीचे नियम मात्र आधी प्रमाणपत्र पाहतात आणि मग काम.

रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात या भरतीचे तीन प्रमुख प्रकार थोड्या अंतरावर सापडतात: केंद्रीय संस्था, खाजगी विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालय. खारघर नवी मुंबईचा भाग म्हणून ओळखले जात असले तरी ते पनवेल तालुक्यात आहे आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत. तिथे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे निफ्टचे, मुंबई केंद्र आहे. ही संस्था केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येते आणि २००६ च्या स्वतंत्र कायद्याने तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तिची शिक्षकभरती देशपातळीवर होते आणि शिक्षकांच्या केंद्रांमध्ये बदल्याही होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत भाताण इथे अमिटी हे खाजगी विद्यापीठ आहे. ते २०१४ च्या राज्य कायद्याने स्थापन झाले. खाजगी विद्यापीठे आपापल्या निवड समित्या नेमतात. नवीन पनवेलमधली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालयात जाहिरातीआधी आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, निवड समितीवर विद्यापीठाचे प्रतिनिधी बसतात आणि नेमणुकीला पुढे विद्यापीठाची मान्यता लागते.

सहायक प्राध्यापकाची अर्हता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दिली आहे. साधारणपणे ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि त्याबरोबर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. विद्यापीठांच्या विभागांत पीएच.डी. सक्तीची होणार होती. १ जुलै २०२३ पासून ती ऐच्छिक ठरली. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेतल्या डिझाइन संस्थांना त्या परिषदेची अर्हता पाहावी लागते.

अडचण नेटपासूनच सुरू होते. नेटच्या यादीत दृश्यकला आहे, जनसंज्ञापन व पत्रकारिता आहे. डिझाइन या नावाचा स्वतंत्र विषय नाही. दहा वर्षे मोबाइल ॲपचे पडदे आखणाऱ्या माणसाने परीक्षा द्यायची म्हटली, तर त्याला चित्र-शिल्पकलेचा इतिहास तरी वाचावा लागतो नाहीतर पत्रकारितेचा. दोन्ही विषय मोलाचे आहेत, पण त्याच्या कसबाची परीक्षा त्यांतून होत नाही. दृश्यकलेत व्यावसायिक कलावंतासाठी आयोगाने पर्यायी वाट ठेवली आहे. तिचा आधार जाणकार निवड समितीने आवर्जून घ्यायला हवा.

कामाच्या बळावर आलेला शिक्षक किती देऊन जातो याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे र. कृ. जोशी. दोन दशकांहून अधिक काळ जाहिरातक्षेत्रात काढल्यावर ते १९८३ मध्ये आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवायला आले. ते केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले होते आणि त्याच्या उभारणीत जर्मनीतल्या उल्म इथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी पुढे होते. जोशींनी सुलेखन आणि भारतीय लिप्यांचा अभ्यास वर्गात आणला. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्यांना परिचित असलेला विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक त्यांचाच.

आजच्या निवडीत खरे कसब पोर्टफोलिओ वाचण्यात आहे. तीन मिनिटांच्या ॲनिमेशनपटात कथाफलक एकाचा, पात्राचा सांगाडा दुसऱ्याचा, प्रकाशयोजना तिसऱ्याची असू शकते. म्हणून ‘यातले तुमचे काय?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. नुसती अंतिम चित्रे पाहूनही भागत नाही. कच्ची रेखाटने, टाकून दिलेले पर्याय, थर सुटे असलेल्या मूळ फायली मागवल्या की उमेदवार निर्णय कसे घेतो ते उलगडते. वाक्य टाइप केल्यावर चित्र तयार करणारी साधने हाताशी आल्यापासून ही तपासणी टाळण्याजोगी राहिलेली नाही. काही उमेदवारांचे उत्तम काम ग्राहकाशी केलेल्या गोपनीयतेच्या करारात अडकलेले असते. त्यांना मुलाखतीतच एखादा छोटा प्रश्न सोडवायला देणे न्याय्य ठरते. सॉफ्टवेअरच्या नावांची लांबलचक यादी मात्र फारशी मोजू नये. साधने काही वर्षांत बदलतात. रचना, अक्षर, रंग, गती आणि कथन यांची जाण टिकते.

चांगले काम करणारा चांगला शिकवतोच असे नाही. त्यासाठी डेमो लेक्चर घेतात, पण फळ्यासमोरच्या वीस मिनिटांपेक्षा विद्यार्थ्याच्या अर्धवट कामावर उमेदवार कसा बोलतो हे जास्त सांगून जाते. डिझाइनचे शिक्षण मुख्यतः अशा टीका-चर्चेतून होते. चूक नेमकी दाखवायची, पण उत्तर आपण काढून द्यायचे नाही, हे प्रत्येकाला जमत नाही. रायगड जिल्ह्यात आणखी एक कसोटी लावावी. उरण, पेण, कर्जतहून येणारी अनेक मुले मराठीत विचार करतात आणि त्यांना मराठी मजकुराची कामे करावी लागणार असतात. जोडाक्षरे, रफार, ओळीच्या वरखाली जाणाऱ्या मात्रा यांना जागा कशी द्यायची हे रोमन लिपीवरच वाढलेल्या शिक्षकाला शिकवता येत नाही. जाहिरातीत या पात्रतेचा उल्लेख हवा.

मुंबई आणि पुण्याच्या मध्ये असल्यामुळे पनवेलला अभ्यागत शिक्षक मिळणे तुलनेने सोपे आहे. हार्बर लोकलने किंवा द्रुतगती मार्गाने स्टुडिओतला माणूस आठवड्यातून एकदा येऊ शकतो. मात्र अशा शिक्षकाला तासिका तत्त्वावर तासापुरते मानधन मिळते. प्रकल्पाचे मार्गदर्शन, अभ्यासक्रमाची फेररचना, प्रयोगशाळेची देखभाल ही कामे त्या तासांत बसत नाहीत आणि मोजक्या कायम शिक्षकांवर पडतात. सगळा विभाग तासिकांवर चालवणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे आहे.

आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय दिली. इथे पदवी किंवा नेटची अट नाही. पंधरा वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव लागतो आणि आधीपासून अध्यापनात असलेल्यांना ही सोय लागू नाही. अशा जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच भरता येतात. कालावधी तीन वर्षांपेक्षा जास्त नसावा, अपवादाने आणखी एक वर्ष. बी.डेस. ही डिझाइनची पदवी चार वर्षांची असल्याने असा शिक्षक फार तर एका तुकडीला प्रवेशापासून पदवीपर्यंत पाहू शकतो. त्याची नेमणूक मंजूर पदांव्यतिरिक्त असते, त्यामुळे विभागातली रिक्त जागा तशीच राहते आणि तिच्यासाठी नेहमीच्या अर्हतेची जाहिरात काढावीच लागते.