तुमची अट कम्पायलर का खोडतो?

समजा, वसमतच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडतीसाठी तुम्ही सी भाषेत हळदीच्या वजनाचा प्रोग्राम लिहिताय. एके ठिकाणी 'जर पोती > ०' तपासलंत आणि त्याच्याच आत, सवयीने, 'जर पोती >= ०' पण तपासलंत. कम्पायलर दुसरी अट काढून टाकतो. पहिली खरी ठरली म्हणजे दुसरी खरीच, मग पुन्हा कशाला बघायचं?

एका ठिकाणी कळलेली माहिती पुढे कुठवर खरी राहते, हे शोधण्याला डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस म्हणतात. (आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं यावर २००९ सालचं पुस्तक आहे. सावकाश वाचायचं पुस्तक आहे, घाई करू नका.)

घोळ पुढे होतो. वजन ग्रॅममध्ये, ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवलंय. त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडा मावतो, म्हणजे साधारण २१,४७४ क्विंटल. बेरीज त्यापुढे गेली तर आकडा उणे होईल, म्हणून तुम्ही लिहिता: 'जर एकूण + नवं < एकूण, तर थांब'.

आता गंमत बघा. सीच्या नियमात अशा पूर्णांकाची बेरीज मर्यादेबाहेर जाणं 'अनडिफाइंड' आहे, त्यामुळे ते कधी घडतच नाही असं कम्पायलर धरून चालतो. मग तो दोन्हीकडचं 'एकूण' शाळेतल्या समीकरणासारखं काढतो आणि उरतं 'जर नवं < ०'. पोत्याचं वजन उणे कधी येणार? तपासणी गेली, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

२००९ मध्येच लिनक्स कर्नलच्या टीयूएन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये याच जातीचा प्रकार उघड झाला. कोडमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीने विचार केला: वापरलाय म्हणजे नल नसणारच. तपासणी उडाली आणि साध्या युजरला थेट रूटचे अधिकार मिळवता येऊ लागले. त्यानंतर कर्नल बांधताना 'नल तपासण्या काढू नकोस' असं जीसीसीला वेगळं सांगायला लागले.

चूक कुणाची? नियमाने लिहिणाऱ्याचीच. पण गुपचूप खोडणं मला तरी अजून पटत नाही.

आपली अट उलटी मांडा: 'जर नवं > कमाल − एकूण'. एकूण उणे नसेल तर इथे मर्यादा ओलांडली जातच नाही, म्हणून अट टिकते. आणि चाचणी घेताना जीसीसी किंवा क्लँगचा अनडिफाइंड बिहेविअर सॅनिटायझर चालू ठेवा. बेरीज कुठल्या ओळीवर फुटली ते तो सांगतो.