दुखणारी गाठ, न दुखणारं रक्त

केंदूरला आमच्या घरात एकाच पावसाळ्यात दोघांना मूळव्याध झाली, चाचांना आणि मला. चाचांना रक्त जायचं, पण दुखत नव्हतं, म्हणून ते महिनोन्‌महिने गप्प राहिले. मला मात्र कांदाचाळीतल्या गोण्या उचलल्यावर गुदद्वाराशी द्राक्षाएवढी निळसर गाठ आली. ना बसवे, ना झोपवे. घरच्यांनी आधी मलाच शिक्रापूरला नेलं. चाचा सोबतीला आले आणि डॉक्टरांना काळजी वाटली ती त्यांचीच.

मराठीत दोन्ही दुखण्यांना शब्द एकच. शब्दांशी रोजचा संबंध असूनही हा घोटाळा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली आणि मधोमध करवतीच्या दातांसारखी रेघ ओढली. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा, पण या दातेरी रेषेच्या वर आणि खाली कातडंच वेगळं. आईच्या पोटात वरचा भाग आतड्यापासून बनतो, खालचा बाहेरच्या त्वचेच्या खळगीपासून. मधला पडदा साधारण आठव्या आठवड्यात विरतो आणि दोन्ही जोडले जातात. म्हणून वर आतड्याचं मऊ, ओलसर, नाजूक अस्तर असतं, तर खाली त्वचेसारखा पेशींचा थरावर थर. वरच्या भागाला ताण, जडपणा कळतो. कापलेलं, टोचलेलं कळत नाही. खालच्या भागाच्या नसा बोटाच्या टोकासारख्या तिखट.

त्या जागी रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. मार्ग घट्ट मिटायला त्यांची मदतच होते. कुंथून कुंथून त्या सुजल्या, खाली सरकल्या की त्यालाच आपण कोंब म्हणतो. आतल्या कोंबाचं अस्तर पातळ. मळ घासला की लालभडक रक्त येतं, आणि दुखत नाही. (बाहेर येऊन अडकला, तर तोही ठणकतो.) माझी गाठ रेषेखालची. तिथे त्वचेखालच्या शिरेत रक्त गोठून ती ताणली गेली होती. पहिले दोन-तीन दिवस जिवाच्या आकांताचे, मग ती आपोआप विरू लागते.

चाचांचे डोळे आतून पांढरे पडले होते. "दुखत नाय तर दाखवायचं काय?" असं ते म्हणत. त्यात लाजही होती, हे मी जाणून होतो. डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घ्यायला लावलं. त्या वयात रक्त दिसलं की ते मूळव्याधीचंच असं धरून चालत नाही. आतड्याच्या कर्करोगाचंही असू शकतं. ते नव्हतं. मग कोंबाच्या मुळाशी रबराचं कडं बसवलं. ते रेषेच्या वरच बसवायचं. खाली बसलं तर माणूस ओरडतो. गावोगावी जडीबुटीवाले दोरा बांधतात, जाळतात, त्यांना ही रेषा ठाऊक असते का?

आठवड्याभरात कोंब सुकून रबरासकट पडला. चाचांना ते कळलंही नाही. मी मात्र तेव्हाही सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात बसून होतो.