गाठ कोणाची, घर कोणाचे?

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'गाठ' हा शब्द फार कामाचा आहे. लग्नाची गाठ, दोरीची गाठ, मनातली गाठ, बाजारात अचानक पडलेली गाठ, असे आपण रोज बोलत असतो. पण झाडांनाही गाठी येतात, आणि त्या आपल्या घरात, शेतात आणि देवळाच्या पारावर आपल्या अगदी जवळ येऊन बसलेल्या असतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या लेखात त्या गाठींची ओळख करून द्यावयाची आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु ज्याच्या घरचे पोट शेतीवर चालते त्याला झाडाची गाठ परकी मानून चालत नाही. ते का, हे पुढे ओघाने येईलच.

गाठ पाहायची कोठे? त्यासाठी चांदोलीच्या रानात जाण्याची गरज नाही. नदीकाठाला आणि रस्त्याच्या कडेला करंज असतात. त्यांच्या काही पानांवर बोटाच्या टोकासारखे हिरवे उंचवटे आलेले दिसतात. आंब्याच्या काही पानांवरून बोट फिरवले तर मोहरीएवढ्या टणक पुटकुळ्या हाताला लागतात. अलीकडे शहरांतून सातविणीची झाडे पुष्कळ लावली जातात. तिच्या पानांवरही गाठींची दाटी झालेली आढळते. दिसायला या साऱ्या गाठीच, पण प्रत्येकीचा धनी वेगळा. करंजावरची गाठ नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कोळ्यामुळे होते. आंब्यावरची गाठ गादमाशीची, तर सातविणीवरची सायला जातीच्या एका रसशोषक किड्याची. गादमाशीचे नाव कोकणातल्या आणि विदर्भातल्या भात पिकवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तिच्या भातावरच्या जातीची अळी कोंबात शिरली की त्या कोंबाची पोकळ नळी बनते, तिला चंदेरी पोंगा म्हणतात, आणि त्याला लोंबी म्हणून धरत नाही.

आता गाठ तयार कशी होते ते पाहू. मादी कोवळ्या पानावर, देठावर किंवा कळीत अंडे घालते. अंड्याबरोबर येणारा द्रव किंवा अंड्यातून निघालेल्या अळीची लाळ झाडाच्या पेशींत मिसळते. झाडाची वाढ ज्या द्रव्यांच्या इशाऱ्यावर चालते त्या द्रव्यांचा तोल त्यामुळे त्या जागी बदलतो. पेशी फुगतात, भराभर वाढतात आणि अळीभोवती एक कोठडी उभी राहते. बऱ्याच गाठींत आतल्या बाजूला मऊ, सकस पेशींचा थर असतो, तो अळीचे अन्न. बाहेरच्या बाजूला टणक आणि तुरट कवच असते, ते अळीचे संरक्षण. म्हणजे वीट झाडाची, चुना झाडाचा, गवंडीही झाडच. नकाशा मात्र कीटकाचा. हा नकाशा इतका ठरलेला असतो, की जाणकार माणूस गाठीचा आकार आणि झाड पाहून आत कोण राहतो ते बहुधा सांगू शकतो. पण हे सारे घडते ते वाढीला लागलेल्या कोवळ्या भागातच. जून झालेले पान कीटकाचा हुकूम मानत नाही. म्हणून झाडाला पालवी फुटण्याची वेळ किड्यालाही साधावी लागते.

इतक्या पक्क्या घरात अळी सुखाने राहत असेल असे वाटेल. पण तिथेही सुख नाही. काही बारीक गांधीलमाश्या आपली लांब सुई गाठीत खुपसतात आणि आतल्या अळीवर अंडे घालतात. त्यांची पिले मूळ मालकाला खाऊन मोठी होतात. काही कीटक तर नुसते पोटभाडेकरू म्हणून येतात आणि आयत्या घरात राहून आयते खातात. पिकलेली गाठ डबीत घालून ठेवली, तर तिच्यातून बाहेर येणारा कीटक तिचा खरा धनी असेलच असे नाही.

हे कोडे सुटायला पुष्कळ काळ लागला. युरोपात ओक नावाच्या झाडाला अशा गाठी फार येतात. पूर्वी तेथील लोक त्या फोडून वर्षाचे भविष्य पाहत असत. आत काय निघते त्यावरून युद्ध, दुष्काळ किंवा रोगराई ओळखण्याची ती रीत होती. गाठीतला किडा झाडातूनच जन्मतो असे मोठमोठे विद्वानही मानत. इटलीतील मार्चेल्लो माल्पीगी या वैद्याने १६७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि मादीने अंडे घातल्यामुळे गाठ होते हे निरीक्षणाने दाखवून दिले. भारतात या विषयाला वाहून घेतलेले नाव म्हणजे डॉ. एम. एस. मणी. गाठींच्या पर्यावरणावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६४ साली आणि भारतातील गाठींवरील ग्रंथ १९७३ साली निघाला.

हे झाले शास्त्र. पण आपल्या आज्यांनी शास्त्राची वाट पाहिली नाही. बाळगुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ यांच्याबरोबर दोन जिन्नस हमखास असतात : मायफळ आणि काकडशिंगी. नावावरून मायफळ हे फळ वाटते आणि काकडशिंगी ही शेंग किंवा शिंग वाटते. प्रत्यक्षात ही दोन्ही ना फळ, ना शेंग, ना शिंग. दोन्ही झाडावरच्या गाठी आहेत. मायफळ म्हणजे तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागांत वाढणाऱ्या एका बुटक्या ओकाच्या फांदीवर बारीक गांधीलमाशीमुळे आलेली गाठ. काकडशिंगी म्हणजे पश्चिम हिमालयातील काकडा या झाडावर माव्यामुळे आलेली, शिंगासारखी वाकडी, आतून पोकळ गाठ. आयुर्वेदात तिचे नाव कर्कटशृंगी. च्यवनप्राशात ती आहे, आणि लहान मुलांसाठी सांगितलेल्या बालचातुर्भद्र चूर्णाच्या चार औषधांतही ती आहे.

मायफळ हातात घेऊन नीट पाहिले तर पुष्कळदा त्यावर टाचणीने पाडल्यासारखे एक गोल भोक दिसते. ते किडीने पोखरलेले म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. आतली माशी वाढ पुरी करून ज्या दाराने निघून गेली ते हे दार. भोक नसलेले मायफळ रंगाने गडद आणि वजनाला जड असते, आणि व्यापारात तेच सरस मानले जाते, कारण माशी बाहेर पडण्यापूर्वी ते तोडलेले असते. मी हे आजीला सांगितले तेव्हा तिने डबी पुन्हा उघडली, मायफळ उजेडात धरले आणि म्हणाली, "म्हंजी किड्याचं घर उगाळून आमी तुमास्नी चाटवलं म्हण की!" आजचे डॉक्टर पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका असे सांगतात, आणि ते ऐकावे. परंतु ही गाठ तुरट आहे, पोट बांधते, हे ज्ञान फार जुने आहे.

हा तुरटपणा टॅनिन या द्रव्याचा. तेच द्रव्य एके काळी जगाच्या लेखणीला पुरले. मायफळाच्या काढ्यात हिराकस आणि डिंक मिसळला की काळी शाई होते. लिहिताना ती फिकट दिसते, हवा लागली की काळी पडते आणि कागदात अशी मुरते की पुसता येत नाही. म्हणून युरोपात शतकानुशतके करारपत्रे, दस्तऐवज आणि ग्रंथ या शाईने लिहिले गेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा १७७६ सालचा जाहीरनामाही चर्मपत्रावर याच शाईने लिहिलेला आहे. या शाईत एक दोषही आहे. ती जुनी झाली की कागद खाते. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या बहुधा काजळाच्या शाईने लिहीत, त्यामुळे त्या या दुखण्यातून वाचल्या. इतिहास आणि वाङ्मय शिकणाऱ्या आपण मंडळींनी एका बारीक माशीचे एवढे ऋण मानायला हरकत नाही.

आता कृष्णाकाठी येऊ. भिलवडीजवळचे औदुंबर हे दत्तक्षेत्र आपल्या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. संक्रांतीला तेथे भरणारे साहित्यसंमेलनही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. औदुंबर म्हणजे उंबर. फार दिवसांनी दिसलेल्या माणसाला आपण 'उंबराचे फूल झालास' असे म्हणतो, कारण उंबराचे फूल कोणाला दिसत नाही. ते दिसत नाही याचे कारण साधे आहे : ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो त्याच्या पोटातच शेकडो फुले असतात. मुंगीहूनही लहान अशी एक माशी फळाच्या तोंडाच्या चिंचोळ्या वाटेने आत शिरते. शिरताना तिचे पंख गळून पडतात. येताना अंगावर आणलेले पराग ती फुलांना देते, आणि काही फुलांच्या बीजकोशांत अंडी घालते. जेथे अंडे वाढते त्या फुलाची गाठ होते, उरलेल्या फुलांचे बी होते. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर येतात, गाठीतल्या माद्यांशी मीलन करतात, फळाला भोक पाडून त्यांना वाट करून देतात आणि मरून जातात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. उंबर फोडल्यावर उडणारी चिलटे पाहून आपण ते टाकून देतो. पण ती माशी नसेल तर उंबराला बी नाही, आणि उंबर नसेल तर ती माशी नाही. येथे झाडाने काही फुले गाठींसाठी सोडून दिली आणि त्या मोबदल्यात आपला वंश राखला.

सगळ्याच गाठी असा व्यवहार पाळत नाहीत. हे आमच्या घराने अनुभवले आहे. एका वर्षी आम्ही वीस गुंठे वांगी लावली होती. रोपे पिवळी पडू लागली. जमीन ओली असतानाही दुपारी माना टाकू लागली. आण्णांनी पाणी वाढवले. तालुक्याच्या गावातील एका दुकानदाराने रोप न पाहताच युरिया आणि फवारणीचे औषध दिले. उधारी वाढली, वांगी काही सुधारली नाहीत. शेवटी एक रोप उपटले, तर मुळे माळेत मणी ओवावेत तशी गाठींनी भरलेली! कृषी सहायकांनी येऊन सांगितले, की हे सूत्रकृमीचे काम. हा डोळ्यांना न दिसणारा कृमी कोवळ्या मुळात शिरतो, त्याच्याभोवतीच्या पेशी राक्षसासारख्या मोठ्या होतात आणि अन्नपाण्याची वाट अडते. वर पाणी कितीही द्या, शेंड्याला ते पोचत नाही. मादी शेकड्यांनी अंडी घालते, म्हणून तेच पीक पुन्हा घेतले की दुखणे वाढतच जाते. त्यांनी उपाय सांगितले ते असे : उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी, पिकाची फेरपालट करावी, निंबोळी पेंड घालावी आणि झेंडू लावावा, कारण झेंडूच्या मुळांतले द्रव्य या कृमींना मारक असते. आपल्या तासगाव भागात द्राक्षवेली डॉगरीज या अमेरिकन खुंटावर कलम करून लावतात, त्याचे मुख्य कारण पाण्याचा ताण आणि खारवट जमीन हे असले तरी या कृमीला तो खुंट दाद देत नाही हाही त्याचा गुण आहे.

पुढच्या खरिपात त्याच रानात भुईमूग केला. ऑगस्टमध्ये भांगलताना आईने एक वेल उपटला आणि तिचा चेहराच उतरला. "ह्येलाबी गाठी आल्यात," ती म्हणाली. सगळा भुईमूग काढून टाकावा, असे घरात बोलणे सुरू झाले. तेव्हा मी ती मुळे हातात घेऊन दाखवली. भुईमूग, हरभरा, तूर यांच्या मुळांवरच्या गाठी जिवाणूंच्या असतात. ते हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. शास्त्रज्ञ यांना वेगळ्या वर्गात ठेवतात. ओळखायची खूण अशी : जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने चोळली की सुटून येते, आणि नखाने फोडली की आतून गुलाबी-तांबूस दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ती मूळ तुटल्याशिवाय निघत नाही. आईने स्वतः पाच-सहा वेल उपटून गाठी फोडून पाहिल्या. साऱ्या तांबूस निघाल्या. भुईमूग रानात राहिला. त्या हंगामात आम्हाला त्याची गरज किती होती हे येथे लिहीत नाही.

एक गाठ औषधाच्या डबीत, दुसरी शाईच्या दौतीत, तिसरी देवाच्या झाडात, चौथी पिकाचा घास घेणारी आणि पाचवी पिकाला घास भरवणारी. बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात. म्हणून गाठ दिसली की आत कोण आहे आणि तो झाडाला काय देतो व काय घेतो, एवढे दोन प्रश्न विचारावेत. त्यांचे उत्तर फोडून पाहिल्यावर मिळते, दुकानाच्या फळीवर मिळत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण सुट्टीत गावी जातात. या सुट्टीत घरच्या रानातले एखादे रोप मुळासकट उपटून वडीलधाऱ्यांसमवेत पाहिले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.